साहेबांचा शेवटचा दिवस

राउटरचा लाल दिवा काही केल्या हिरवा होईना, तसा साईनाथ पोटावर पडून टेबलाखाली शिरला.

"ती पिवळी वायर ढिली हाय," वनिता मागून म्हणाली. तिने मोबाइलचा टॉर्च धरला होता. माहेरच्या कोंडाणे गावाहून ती नुकतीच रिक्षाने आली होती. पिशवी अजून खांद्यावरच होती.

"ती कंपनीच्या माणसाने लावलीय. तिला हात लावायचा नाय."

"मग बसा दिव्याकडं बघत."

अकराला सुनावणी होती, कम्प्युटरवरूनच. वकीलबाईंनी सकाळी फोन करून बजावलं होतं, साहेबांची बदली झालीय, आज त्यांचा शेवटचा दिवस. आज निकाल लागला तर लागला, नाहीतर नव्या साहेबांपुढे पुन्हा पहिल्यापासून. आणि मोबाइलवरून येऊ नका. मागे एक पक्षकार चालत्या टेंपोतून हजर झाला होता. तेव्हापासून मोबाइल दिसला की साहेब पुढची तारीख देतात.

चौक गावात केस नसलेलं घर शोधावं लागतं. कुणाची बांधाची, कुणाची वाटणीची, कुणाची हायवेत गेलेल्या जागेची. त्या मानाने साईनाथची केस वयाने लहान. पण तेवढ्या काळातही एकदा साहेब रजेवर गेले होते, एकदा वकिलांनी काम बंद ठेवलं होतं, आणि एकदा फाइलच भलत्या कपाटात जाऊन बसली होती.

"आज सुटा एकदाचे," साईनाथची आई मोतीबाई दारातून म्हणाली. "चहा टाकू का गं, वनिता?"

"नको, आई. आधी हे लागू दे."

साईनाथने राउटर बंद केला, दम धरला, चालू केला. लाल. पुन्हा बंद, पुन्हा चालू. लाल.

"वायर," वनिता म्हणाली. "एकदा माझं ऐकलं तर काय बिघडंल तुमचं?"

"एकदा?"

त्याने वायर दाबली. टक् असा आवाज आला आणि दिवा हिरवा झाला. वनिताने टॉर्चचा झोत वायरीवरून त्याच्या तोंडावर वळवला.

पण लिंक उघडेना. 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' एवढंच पडद्यावर येत राहिलं. साईनाथने कम्प्युटरला दोन चापट्या दिल्या. जुन्या टीव्हीला हा इलाज लागू पडायचा. भिंतीवरचा काटा अकराला टेकत आला.

"मारू नका त्याला," वनिता वाकली. "खाली कोपऱ्यात तारीख बघा."

कम्प्युटरच्या मते २०१२ साल चालू होतं. आतला सेल उतरला की तो असा मागे जायचा, आणि तारीख चुकली की कुठलीच साइट त्याला दारात उभं करायची नाही.

"तवा तर आपलं लगीनबी नव्हतं झालं," ती म्हणाली.

"नव्हतं."

साईनाथचा हात माउसवर तसाच थांबला.

"बदला की," ती म्हणाली.

त्याने बदलली.

फोन वाजला. "अहो, कुठे आहात? तुमचाच नंबर पुकारतायत," वकीलबाई म्हणाल्या. साईनाथने लिंक दाबली. कॅमेऱ्यात मावावं म्हणून वनिता स्टूल ओढून त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली. चक्र फिरलं, फिरत राहिलं. त्याने नकळत तिचं मनगट धरलं. पडदा उजळला आणि समोर साहेब दिसले, पाणी पिताना.

"आवाज येतोय?" साहेबांनी विचारलं.

"येतोय, साहेब," दोघं एकदम म्हणाले.

साहेबांनी फाइल वाचली. चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं. पुन्हा फाइल पाहिली.

"परस्परसंमतीने घटस्फोट मागणारे अर्जदार ते तुम्हीच ना? वेगळे राहता असं लिहिलंय. मग दोघं एकाच घरात कसे?"

साईनाथने वनिताकडे पाहिलं.

"साहेब," वनिता म्हणाली, "माझ्या माहेरी रेंज नाय."