इथे कुणी राहत नाही

भाड्याची जीप लाल धूळ उडवत थेट मर्टलच्या दारात येऊन थांबली, तेव्हा ती धाकट्या बहिणीबरोबर, एल्माबरोबर, चहा पीत बसली होती. पाहुण्याने वस्तीबाहेरच्या मल्गाच्या झाडाखाली बसायचं आणि आतून हाक आली की मगच यायचं, ही त्या वाळवंटातल्या आदिवासींची, मर्टलच्या पणजीच्याही आधीपासूनची रीत. हा गडी मात्र उतरला तोच फोटो काढत, आणि सरळ खिडकीतून घरात डोकावला.

"झाडाखाली थांबायला काय झालं होतं रे?" मर्टल कडाडली.

तो दचकलाच. "माफ करा, मावशी. सरकारी नकाशात लिहिलंय, वस्ती बंद. इथे कुणी राहत नाही."

"मग काढ फोटो आणि नीघ."

"टाकी रिकामी झालीय हो. पुढचा पंप चारशे किलोमीटरवर. थोडं पेट्रोल मिळेल?"

"मागतोस कुणाकडे? इथे तर कुणी राहत नाही!"

गडी ओशाळला. झाडाखाली जाऊन बसला.

"उन्हाने करपेल गं तो," एल्मा पुटपुटली.

"सरकारनं आपलं पाणी तोडलं, तेव्हा आपण करपलो का?"

मर्टलने आणखी एक चहा केला, सावकाश संपवला आणि मगच हाक मारली. पिंपातलं पेट्रोल तिने स्वतःच्या हाताने जीपमध्ये ओतलं.

"आता तो नकाशा काढ. पेन आहे?"

"आहे. काय लिहू?"

"लिही, इथे दोन बाया राहतात. आणि न विचारता आत आलेल्याला बाहेर बसवतात, तेही लिही. सरकार वाचेल."