आत शिरायची वाट

"तुमच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी धडधाकट आहेत, काशिरामभाऊ," सकाळी पनवेलच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. "पण फुप्फुसातल्या गाठीनं भोवतालच्या रक्तवाहिन्या पिळून, दाबून टाकल्यात. पेशी जवळपर्यंत जातात, आत शिरायला वाटच मिळत नाही. आधी ती वाट मोकळी करायचं औषध देऊ."

दुपारी ओवे गावात, घरी आल्यावर काशिरामचा श्वास कोंडला. सून समृद्धीनं ॲम्ब्युलन्स बोलावली. सायरन लांबून ऐकू आला, जवळ आला आणि मग एकाच जागी वाजत राहिला.

"गाडी गल्लीत शिरत नाय म्हणतो ड्रायव्हर," समृद्धी फोन कानाला धरूनच म्हणाली. "सिलिंडर उचलून चालत येतायत ते. बाबा, डोले मिटू नका!"

काशिरामनं खाटेची कड घट्ट धरली. नखं निळी पडत चालली होती.

"कुठं... अडकली?"

समृद्धीनं नजर चुकवली.

"सांग ना."

"आपल्याच खोल्यांपाशी, बाबा. भाडेकरूंसाठी तुमी भिंत गल्लीत पुढं घेतली ना, तिथं."