तुलनेची वाडी

माझी सून रुचिरा अर्थशास्त्राची प्राध्यापिका. गरिबांची मुले शाळेत का टिकत नाहीत, हा तिचा विषय. त्र्याण्णव साली तिने पनवेलच्या डोंगराकडच्या दोन आदिवासी वाड्या निवडल्या. वरच्या वाडीत शिकवणीचा वर्ग काढला. खालच्या वाडीत मुद्दाम काहीच केले नाही, कारण दोन वर्षांनी दोन्ही वाड्यांची तुलना करून वर्गाने किती फरक पडला ते पाहायचे होते.

खालच्या वाडीची चिंधी आपल्या बारा वर्षांच्या लेकीला, सोनमला घेऊन आमच्या दारात आली.

"बाय, हिला वरच्या वाडीच्या वर्गात बसव ना. आमी रोज चालत नेऊ."

"आत्ता नाही घेता येणार, चिंधीताई. अभ्यास संपला की पहिला वर्ग तुमच्याच वाडीत. शब्द देते."

"तवर काय करू?"

"तोवर जसं चाललंय तसंच चालू द्या."

मी म्हणाले, "अगं, एक पोर बसली तर काय आभाळ कोसळेल?"

"आई, एकीला घेतलं तर तुलनाच उरणार नाही."

घरात माझा शब्द शेवटचा असे. तिच्या अभ्यासात तो चालला नाही.

दोन वर्षांनी वर्गाचा उपयोग सिद्ध झाला. रुचिरा शब्दाला जागली आणि पाट्या-पुस्तके घेऊन थेट खालच्या वाडीत गेली. मीही सोबत होते. सोनम झोपडीच्या दारात बसली होती. गळ्यात काळी पोत, मांडीवर तिचे तान्हे बाळ.

चिंधीने आम्हांला पाण्याचा तांब्या दिला.

"तू सांगितलंस तसंच चालू दिलं, बाय," ती म्हणाली. "आमी काय बी बदललं नाय."