सुतकाची रजा

मेट्रनबाई दारात उभ्या होत्या, हातात पिठलं-भाताचा डबा घेऊन. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी तो स्वतः रांधून आणला होता.

शुभदा त्यांच्याच हाताखाली हॉस्पिटलात नर्स होती. नवऱ्यापाठोपाठ गोव्याला जायचं, तर नर्सिंगचं रजिस्ट्रेशन तिकडे बदलून घ्यायला हवं, आणि त्यासाठी आधी मुंबईला कौन्सिलच्या ऑफिसात जायला हवं. नोकरी सोडतेय हे कळलं तर रजा मिळायची नाही, या भीतीनं तिनं मेट्रनबाईंना फोनवर सांगून टाकलं होतं, "सासूबाई गेल्या."

आणि सासूबाई समोरच पलंगावर मेथी निवडत बसल्या होत्या.

"तुझ्या सासूबाईंचं कळलं, फार वाईट वाटलं गं," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि या कोण?"

सासूबाईंनी शुभदाकडे एकदाच पाहिलं आणि मेथी बाजूला सारली.

"मी हिची मावशी. विहीणबाई जरा फटकळ होत्या हो, पण सुनेवर जीव होता त्यांचा."

मेट्रनबाईंनी डोळे टिपले. "दिवा कुठे ठेवलाय? नमस्कार करते."

"विझला वाटतं," म्हणत सासूबाई उठल्या आणि कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हातानं पणती लावली. मेट्रनबाईंनी हात जोडले. शुभदाला मान वर करवेना.

मेट्रनबाई जाताच शुभदा पणती विझवायला धावली. सासूबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे. मी खरंच जाईन तेव्हा तू गोव्यात असशील."