तडतडणारी गोळी

जिभेवर तडतडणारी गोळी घरी करून दाखवतो म्हटल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या थापाच तेवढ्या तडतडतात." मी इरेला पेटलो. आयुष्यात एकदा तरी हिने माझं खरं मानायला हवं होतं. साखरेच्या पाकात लिंबूसत टाकलं, खायचा सोडा घातला. पाक असा उसळला की पातेल्यावरचं झाकण छताला जाऊन चिकटलं, ते अजून तिथेच आहे. पण गार झाल्यावर गोळी मुकीच. घाण्यामागून घाणे वाया गेले, पातेलं करपलं, डोकं फिरलं. शेवटी चिडून उरलासुरला खडा तोंडात टाकला आणि काय सांगू, तडतड सुरू!

"अगं, धाव! वाजतेय!"

"वाजणारच. मागे तुमच्या शिंकेने वीज गेली होती ना?"

"शपथ! कान लाव इथे!"

मी आ वासला. ती हात पुसत आली आणि माझ्या तोंडाला कान लावून नीट ऐकत राहिली. तिच्या भुवया वर गेल्या. ऐकू आलं होतं! माझा जीव भांड्यात पडला.

"अहो," ती म्हणाली, "कवळी सैल झालीये तुमची."