आचाऱ्याचं नाक

शाळेच्या स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यानेच घरच्या डब्यातलं चार दिवसांचं शिळं चिकन मिटक्या मारत खावं आणि दवाखान्यात सलाइनवर आडवं व्हावं म्हणजे कमालच. त्याने हुंगल्याशिवाय तिथलं एकही पातेलं चारशे पोरांपुढे जात नसे. पण महिन्याभरापूर्वीच्या तापानंतर त्याला कसलाच वास येत नव्हता आणि नोकरी जाईल म्हणून हे त्याने बायकोपासूनही लपवलं होतं. “अहो, एवढं वास मारत होतं, कळलं नाही?” “भुकेल्या पोटी कोण हुंगत बसतं गं?” दुसऱ्या दिवशी तिने तोच डबा फडक्याने झाकून त्याच्या नाकाखाली धरला. “उरलंय थोडं. सांगा, ठेवू की टाकू?” त्याने डोळे मिटून हुंगलं, तोंड वाकडं केलं. “आंबलंय. टाक.” तिने फडकं उचललं. डबा रिकामा होता, घासून लख्ख केलेला. “सोमवारी शाळा आहे,” ती म्हणाली. “फोन दे, मुख्याध्यापिकांना सांगून टाकतो.”