पाद्रीबंगल्याशेजारचा तबेला

मिस पार्जिटर तबेल्याच्या विटांवर बोटानं टकटक करत पुढे सरकत होत्या. मागून चालणाऱ्या डॉर्कसचा जीव टांगणीला लागला होता.

तिचा नवरा अँब्रोज गावचा पाद्री. तो आता निवृत्त होत होता आणि चर्च पाद्रीबंगला विकायला काढणार होतं. शेजारचा हा जुना विटांचा तबेला माणसांना राहण्याजोगा ठरला, तर म्हाताऱ्या जोडप्याला इथं राहता येणार होतं. नाहीतर दूर शहरातला वृद्धाश्रम. ते ठरवायला जुन्या इमारतींच्या जाणकार मिस पार्जिटर आल्या होत्या.

"भिंती कोरड्या आहेत," त्या म्हणाल्या.

"बंगल्यापेक्षा बऱ्या," डॉर्कस घाईनं म्हणाली. "आमच्या जेवणघराच्या भिंतीला सदा पांढरा लोणा धरतो. दमट हवेत वासही येतो. अँब्रोजची आई म्हणायची, सून नीट पुसत नाही."

"आईला तुझ्या स्वयंपाकाचाही वास यायचा," अँब्रोज म्हणाला.

"तू गप्प बस."

मिस पार्जिटर हसल्या नाहीत. कोपऱ्यातल्या कमानीखाली वाकून त्यांनी आत हात घातला. बोटं काजळीनं काळी झाली.

"लोहाराची भट्टी असेल," अँब्रोज म्हणाला.

"तुमचं जेवणघर बघू?"

तक्रार करून आपणच घोळ घातला की काय? जेवणघरात बाईंनी सतरंजी बाजूला सारली, फरशीतली, घाण वाहून जायला असते तशी लांब उथळ पन्हळ पायानं चाचपली, भिंतीवरचा लोणा बोटावर घेऊन हुंगला. मग पुन्हा तबेल्यात आल्या.

"राहा खुशाल. मी तसं कळवते."

डॉर्कस उंबऱ्यावरच मटकन बसली. शहरातली ती खोली, ते अनोळखी चेहरे, सगळं एका वाक्यात मागे पडलं. तिला धड हसू येईना, धड रडू.

"तबेला तर तबेला," अँब्रोज तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "प्रभूचा जन्मही गोठ्यातच झाला."

"तुझं ठीक आहे," डोळे पुसत डॉर्कस म्हणाली. "गावातल्या बायका म्हणतील, पाद्रीण म्हातारपणी घोड्यांच्या जागेत राहायला गेली."

"त्यांना सांगा," हातमोजे चढवत मिस पार्जिटर म्हणाल्या, "हे मूळचं घर आहे, ती काजळी चुलीची. घोड्यांच्या जागेत तुम्ही आजवर राहत होतात."